बेचाळीस कलमांचा फ्रिज

"या घरात यापुढे एकही वस्तू कोणाच्या लहरीखातर येणार नाही," असं काकांनी जाहीर केलं, त्या वेळी मेलेल्या फ्रिजखालून निघालेला पाण्याचा ओहोळ अख्खं स्वयंपाकघर ओलांडून त्यांच्या उजव्या चपलेपाशी पोचला होता. काकांनी तो पाहिला नाही. मोठी वाक्यं बोलताना खाली बघायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या वाक्यासाठी त्यांनी पाऊल पुढे टाकलं आणि ते वाक्य त्यांनी फरशीवर बसून पूर्ण केलं.

"खरेदी रीतीनेच होईल."

काका एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं त्यांनी खुर्च्या, कपाटं, पंखे, टाचण्या आणि एकदा तर अख्खा जिना विकत घेतला, पण घेण्याआधी त्यातली एकही वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही. याचा त्यांना फार अभिमान. "माल पाहिला की मन बसतं, आणि मन बसलं की कागद लंगडा पडतो," असं ते नव्या कारकुनांना शिकवीत. कचेरीत त्यांना 'कलमबहाद्दर' म्हणत. म्हणत पाठीमागे, पण ते काकांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना आवडलंही होतं.

"बाबा, रविवारी दुकानात जाऊ," त्यांना हात देऊन उठवत सून म्हणाली. "चार फ्रिज उघडून बघू. आईंना आवडेल तो घेऊ. दोन तासांचं काम आहे."

भर दिवसा बँक फोडायचा बेत कोणी ऐकवावा, तसे काका तिच्याकडे बघत राहिले.

"उघडून बघू?"

"म्हणजे दार वगैरे."

"सूनबाई, या रसातळाला गेलेल्या जगात जेवढा भ्रष्टाचार झाला, तो सगळा दार उघडून बघण्यातून झाला."

त्याच दुपारी खरेदी समिती स्थापन झाली. अध्यक्ष काका, सचिव काका. मुलगा सभासद. मोबाइलवरून मान वर न काढता तो "हं" म्हणाला, आणि सभासदाला लागणारा एवढा एक गुण त्याच्यात असल्याचं सिद्ध झालं. सून एका प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि तिथे एक फ्रिज होता, म्हणून ती तांत्रिक सल्लागार.

"आणि मी?" काकूंनी विचारलं. त्या फरशी पुसत होत्या.

"तू वापरकर्ता विभाग."

"म्हणजे?"

"वापरकर्ता विभाग समितीत बसत नाही."

"का बरं?"

"कारण त्याला ती वस्तू वापरायची असते. त्याचा त्यात स्वार्थ आला."

काकूंनी फडकं पिळलं. ते गरजेपेक्षा बराच वेळ पिळलं.

"म्हणजे जिला वापरायचाय तिने तोंड उघडायचं नाही."

"उघडायचं की. लेखी."

काकूंनी लेखी दिलं. वाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून त्यावर त्यांनी लिहिलं: 'भाजीचा खण कमरेच्या वर हवा. गुडघे गेलेत. वाकवत नाही.' जुन्या फ्रिजचा भाजीचा खण अगदी तळाशी होता. बावीस वर्षं काकू कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी त्या खणापुढे बसत आल्या होत्या. बसताना एक हात गुडघ्यावर, उठताना दुसरा ओट्यावर. आणि पुरतं उठून झालं की मिरच्या आतच राहिल्याचं त्यांच्या ध्यानात येई.

काकांनी कागद वाचला, चष्मा पुसला, तांबडी शाई काढली आणि तिन्ही वाक्यांवर एकच रेघ मारली.

"हे काय केलंत?"

"असा फ्रिज एकच कंपनी बनवते, सूनबाईने चौकशी केली. ही अट घातली तर त्या कंपनीला झुकतं माप दिल्यासारखं होईल."

"मग द्या की. नाहीतरी झुकायचंय मलाच."

"नियमात बसत नाही. आणि वाकणं हा चांगला व्यायाम आहे."

काकू काही बोलल्या नाहीत. बायको भांडली तर घर हलतं हे खरं, पण बायको गप्प बसली तर पाया खचतो, हे काकांना कोणत्याही कलमात वाचायला मिळालं नव्हतं.

अटींचा मसुदा करायला काकांना सहा दिवस लागले. एकंदर कलमं बेचाळीस झाली. उंची, रुंदी, खोली. कप्पे पाच, सर्व सारखे, वर-खाली सरकवता येणारे. आतला उजेड भरपूर. दार एक. सुनेने बर्फाचा विषय काढला, तेव्हा काकांनी तेविसावं कलम लिहिलं: 'बर्फ. आवश्यकता सिद्ध होत नाही.' विजेच्या बचतीसाठी एकोणिसावं कलम त्यांना रात्री उशीवर पडल्या पडल्या सुचलं आणि सकाळी दात घासायच्या आधी त्यांनी ते लिहून काढलं.

इकडे घरातलं दूध वरच्या मजल्यावर राहायला गेलं होतं. वरच्या शेजारणीने आपल्या फ्रिजमधला एक कप्पा आणि दारातली अर्धी फळी दिली होती. प्रत्येक चहाला काकू अठरा पायऱ्या चढत आणि अठरा उतरत. शेजारीण दोन ते चार झोपे. एकदा तीन वाजता काकांना चहाची तल्लफ आली.

"चहा काळा का?"

"दूध झोपलंय. चारला उठेल."

नवव्या दिवशी शेजारणीच्या नवऱ्याने चुकून यांचं दही खाल्लं. त्याने माफी मागितली ती इतकी मनापासून, की दही फार आवडल्याचंही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज चुकू लागला. अकराव्या दिवशी शेजारणीचा निरोप आला, की वासाचं काही ठेवू नका, आमच्या केकला कांद्याचा वास लागलाय. तो ऐकून काकू जिना उतरून खाली आल्या आणि घरातली भांडी बोलायला लागली. पातेलं आपटत बोले, झाकण खणकन बोले, सांडशी तर शिव्याच देई. काकू मात्र गप्पच.

"इतका आवाज कशाला?" काका बाहेरून ओरडले.

"लेखी देऊ का?" आतून आवाज आला.

काकांचाही संताप वाढत चालला होता, पण तो दुकानदारांवर. पहिल्या दुकानदाराने सहाव्या कलमापर्यंत वाचून 'हे समन्स आहे का' असं विचारलं. दुसऱ्याने वाचता वाचता आपल्या भागीदाराला बोलावलं, मग हिशेबनिसाला, मग समोरच्या चपलांच्या दुकानातल्या मित्राला. चौघं मिळून तिसऱ्या पानापर्यंत पोचले आणि एकमेकांच्या खांद्यावर पडून हसू लागले. काकांनी कागद हिसकावून घेतले. "तुमच्यासारख्यांमुळेच देशात टाचण्या वाकड्या निघतात," असं त्यांना सुनावून ते बाहेर पडले.

तिसरा दुकानदार मात्र गुणी निघाला. त्याने सगळी पानं वाचली. एकोणिसाव्या कलमाशी थांबून ते पुन्हा वाचलं आणि दुकानाच्या अगदी मागच्या कोपऱ्याकडे एकदा विचारपूर्वक नजर टाकली.

"साहेब, तुम्हाला हवी तशीच वस्तू माझ्याकडे आहे. दाखवतो, या."

काकांनी ताबडतोब डोळ्यांवर हात घेतला. "दाखवायचं नाही. कोटेशन. तीन. वेगवेगळ्या दुकानांची. बंद पाकिटात."

"तिन्ही मीच पाठवतो," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला कशाला हेलपाटा."

दुसऱ्या दिवशी तीन पाकिटं आली. एक त्याच्या दुकानाचं, एक त्याच्या भावाच्या आणि एक सासऱ्याच्या. समितीपुढे ती रीतसर उघडली गेली.

"बाबा, तिन्ही एकाच माणसाने लिहिलीयत," मुलगा म्हणाला. सभासद झाल्यापासूनचं हे त्याचं पहिलं वाक्य.

"अक्षराबद्दल नियम नाही."

"अहो, तिन्ही पाकिटांवर एकाच कपाचा डाग आहे. ही तीन एकमेकांना लावली तर गोल पूर्ण होतो, बघा," सून म्हणाली.

"पाकिटं किती?"

"तीन."

"मग झालं." भावाचा आणि सासऱ्याचा भाव आभाळाला टेकला होता, दुकानदाराचा अगदी जमिनीवर. काकांचे डोळे पाणावले. "याला म्हणतात निकोप स्पर्धा," ते म्हणाले. कागदावर सह्या झाल्या. वापरकर्ता विभाग त्या वेळी दूध आणायला वर गेला होता.

अठराव्या दिवशी दुपारी फ्रिज आला. दोन हमालांनी तो गोणपाटात गुंडाळून आणला, जुना उचलला आणि त्या जागी नवा उभा केला. त्यांनी गोणपाट सोडलं.

डोक्यापासून पायापर्यंत काच. काचेच्या आत तारेच्या पाच जाळ्या, सगळ्या सारख्या. आणि माथ्यावर एक लांबट डबा, त्यावर बर्फाच्या डोंगरात उभा असलेला एक पेंग्विन आणि निळ्या अक्षरांत 'थंडगार'. हमालाने बटण दाबलं. पेंग्विन उजळला. आतल्या दिव्याच्या दोन नळ्या लखकन लागल्या आणि स्वयंपाकघराला शस्त्रक्रियेच्या खोलीची कळा आली. ओट्यावरचा प्रत्येक डाग, डब्यावरचा प्रत्येक पोचा आणि काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना लख्ख दिसू लागला.

"तोंड बरोबर आहे ना, काका?" हमालाने विचारलं. "खिडकीकडे केलंय. गिऱ्हाईक गल्लीतूनच येईल."

"हे घर आहे," काका म्हणाले.

"हो, पुष्कळ जण घरातूनच करतात," हमाल समजुतीने म्हणाला.

काका दुकानात पोचले ते चपला उलटसुलट घालून. ते काय काय बोलले हे सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. त्यातला बराचसा भाग दुकानदाराच्या पूर्वजांविषयी होता आणि त्यांच्याबद्दल काकांना पुरेशी माहिती नव्हती. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने एक फाइल काढली. काकांचीच कलमं, सुबक टोचून ठेवलेली.

"कलम सात. दार एक असावे. आहे एकच. कलम नऊ. कप्पे पाच, सर्व सारखे. मोजलेत?"

"हा दुकानात ठेवायचा फ्रिज आहे!"

"कलम बारा. आतील उजेड भरपूर."

दुकानदाराने पान उलटलं.

"कलम तेवीस. बर्फ, आवश्यकता सिद्ध होत नाही. नाहीच बर्फ यात. आणि आता हे एकोणीस ऐका. 'विजेच्या बचतीसाठी, दार वारंवार न उघडता आतील जिन्नस ध्यानात यावेत.' साहेब, खरं सांगतो, एका हॉटेलवाल्याने हा मागवला आणि न्यायलाच आला नाही. दोन वर्षं पडून होता. हे कलम वाचलं आणि मला वाटलं, कोणीतरी जाणकार भेटला."

"तो घरात ठेवायचाय, एवढी अक्कल नको?"

"घरासाठी हवा असं कुठे लिहिलंय?"

काकांनी फाइल ओढून घेतली आणि बेचाळीसच्या बेचाळीस कलमं उभ्या उभ्या वाचली. कुठेच लिहिलं नव्हतं. छत्तीस वर्षं सगळं कचेरीसाठीच घेतलं जाई. तेव्हा कशासाठी घ्यायचं हे लिहायची वेळच कधी आली नव्हती.

"निदान एकदा दाखवायचा तरी," काका म्हणाले. आवाजातला जोर जरा कमी झाला होता.

"दाखवत होतो. तुम्ही डोळ्यांवर हात घेतलात."

मग काका पुन्हा चढ्या आवाजात बोलू लागले. रस्त्यावरची माणसं थांबली. एक आजी पिशवी खाली ठेवून नीट ऐकू लागल्या. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "बरं, साहेब. बदलून देतो. साधा, पांढरा, बंद दाराचा. पण तुमचंच कलम एकेचाळीस. माल अयोग्य असल्यास वापरकर्ता विभागाने तसं सहीनिशी लिहून द्यावं. तेवढी सही आणा, उद्या सकाळी माणसं पाठवतो."

काकांना हसू फुटलं. त्या दिवसातलं ते पहिलंच. "एवढंच ना? घरचीच सही."

ते घरी परतले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. वाटेत त्यांनी कागद तयार केला होता. 'सदर फ्रिज वापरास अयोग्य आहे.' खाली सहीसाठी ठिपके. स्वयंपाकघराच्या दारात ते थांबले.

काकूंनी फ्रिज भरला होता. वरच्या मजल्यावरचं दूध, उरलेलं दही, लोणी, सगळं माहेरी आल्यासारखं परत आलं होतं. आणि बरोबर मधल्या जाळीवर, काकूंच्या छातीच्या उंचीला, भाजी. टोमॅटो एका ओळीत, गाजरं टोकं एकीकडे करून, कोथिंबिरीची जुडी पेल्यात उभी. काकूंनी दार उघडलं, उभ्या उभ्या चार काड्या खुडल्या, उभ्या उभ्याच दोन मिरच्या घेतल्या आणि दार लावलं.

मुलगा आणि सून नुकतीच कामावरून आली होती. मुलगा काचेला नाक लावून उभा होता. "आई, सगळंच दिसतंय गं. लोण्यात बोट कोणी घातलंय तेसुद्धा."

"तुझ्या बाबांनी," काकू म्हणाल्या.

"सही कर," काकांनी कागद पुढे केला.

काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद सावकाश वाचला.

"इथे अयोग्य लिहिलंय."

"हो."

"योग्य आहे."

"अगं, हा दुकानातला फ्रिज आहे. डोक्यावर पेंग्विन आहे."

"असू दे. तो काही बोलत नाही."

"सही कर म्हणतो ना. तुझ्या सहीवाचून तो परत नेणार नाही."

"असं होय," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. आठवडाभर भांड्यांनी जे बोलून घेतलं होतं ते आता त्यांनी स्वतः बोलायला घेतलं, आणि आवाज मुळीच चढवला नाही, त्यामुळे सूनसुद्धा ओट्यापासून एक पाऊल मागे सरली. "म्हणजे माझ्यावाचून अडलंय तर. बावीस वर्षं त्या खणापुढे फतकल घालून बसले, तेव्हा नाही अडलं. तीन वाक्यं मागितली, ती तुम्ही तांबड्या शाईने खोडलीत. माझे गुडघे तुम्हाला नियमात बसत नव्हते. दुधासाठी जिने चढले, लोकांच्या केकला आमचा वास लागला म्हणून बोलणी खाल्ली, आणि तुम्ही इथे बसून पाकिटं फोडत होतात. एकदा तरी विचारलंत, अगं, तुला कसा हवा? मला हा हवाय. यात वाकावं लागत नाही. सही मिळायची नाही."

"आईंचं बरोबर आहे, बाबा," सून म्हणाली.

"तू तांत्रिक सल्लागार आहेस," काका गरजले.

"तांत्रिकदृष्ट्याच म्हणतेय."

काकांनी मुलाकडे पाहिलं. सभासदाने "हं" म्हटलं, पण ते कोणत्या बाजूने हे कळायला मार्ग नव्हता.

आता मात्र काकांच्या मस्तकाची शीर उडू लागली. समिती फुटली होती, वापरकर्ता विभाग उलटला होता, आणि माथ्यावरून एक पक्षी त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी कागदाचा बोळा केला, फ्रिजकडे पाठ करून दोन्ही हात फाकवले आणि काचेला टेकून असे उभे राहिले, की आतल्या उजेडाने त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल दिसू लागल्या.

"ऐकून ठेवा सगळ्यांनी," ते म्हणाले. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. "छत्तीस वर्षं माझ्या शब्दावाचून कचेरीत एक खिळा आला नाही. माझ्या अंगात श्वास आहे तोवर हे दुकान माझ्या स्वयंपाकघरात..."

"कोणाच्या?" काकूंनी विचारलं.

काकांचे हात फाकलेलेच राहिले. वाक्याचा पुढचा भाग तयार होता, जोरदारही होता, पण त्या एका शब्दाशी तो अडला, आणि आजूबाजूला कुठेच वाट दिसेना. फ्रिज तेवढा घुमत होता.

तेवढ्यात खिडकीच्या गजांवर कोणीतरी बोटाने टकटक केलं. बाहेर सायकल धरून एक घामाघूम गृहस्थ उभे होते, त्यांच्या मागे पिशव्या घेतलेल्या दोन बायका, आणि तिघंही माना वाकड्या करून आत बघत होती.

"काका," ते गृहस्थ अदबीने म्हणाले, "जरा बाजूला सरकता का? मागे काय काय आहे ते दिसत नाहीये."